पाहुणा दोन महिने राहतो म्हणाला तर

"नमस्कार ताई, तुमचा फ्लॅट 45 दिवसांसाठी हवाय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटल तुमच्याकडून जवळ पडतं. शेवटचा दर काय लावाल?"

असा मेसेज पहिल्यांदा येतो तेव्हा नवीन होस्टला, म्हणजे आपलं घर पाहुण्यांना रात्रीच्या दराने देणाऱ्याला, लॉटरी लागल्यासारखं वाटतं. दीड महिना कॅलेंडर भरलं, दर दोन दिवसांनी चादरी धुणं नाही, रात्री अकराला किल्ली द्यायला धावणं नाही. मलाही तसंच वाटायचं. कोथरूडमधला सासूबाईंचा वन बीएचके मी काही वर्षांपासून एअरबीएनबीसारख्या अ‍ॅपवरून आणि ओळखीतून रात्रीच्या हिशोबाने देते आहे. दुसऱ्याच वर्षी एका कुटुंबाला मी तीन महिन्यांसाठी फोनवरच "या" म्हणून सांगितलं. कागद केला नाही, नंतर कुठे जाणार हेही विचारलं नाही. त्यांच्या नव्या फ्लॅटचा ताबा लांबला आणि ते 19 दिवस जास्त राहिले. माणसं चांगली होती, पैसेही दिले. पण त्या 19 दिवसांत अमेरिकेहून लग्नासाठी येणाऱ्या एका घराचं डिसेंबरमधलं बुकिंग होतं, ते मला आठ दिवस आधी रद्द करावं लागलं. "अहो, आता आम्ही कुठे शोधायचं?" हे त्या बाईंचं वाक्य आजही कानात आहे.

तेव्हापासून प्रत्येक मोठ्या मागणीला मी एकच गोष्ट आधी ठरवते: येणारा माणूस पाहुणा म्हणून येतोय की भाडेकरू म्हणून? चार रात्री राहणारा बॅग उघडतो. दोन महिने राहणारा फ्रिज भरतो, दूधवाला लावतो, देव मांडतो. दर, कागद, साफसफाई, मुदतवाढ या सगळ्याची उत्तरं या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. आणि ते "हो" म्हणण्याआधी ठरवावं लागतं, नंतर नाही.

आधी विचारा, दर मागाहून सांगा

दर विचारला की दर सांगायचा हा मोह टाळा. आकडा एकदा तोंडातून गेला की पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याभोवती फिरतं. मी आधी हा मेसेज पाठवते:

"नमस्कार. घर त्या तारखांना रिकामं आहे का ते बघते. तोवर एवढं कळवाल का: राहणारे कोण कोण आणि किती जण? कामानिमित्त की उपचारांसाठी? शेवटची तारीख नक्की आहे की पुढेमागे होऊ शकते? आणि इथून पुढे तुम्ही कुठे जाणार आहात?"

या सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न शेवटचा. ज्याला पुढचा मुक्काम माहीत आहे, त्याची शेवटची तारीख खरी असते. "मे अखेरीस नागपूरला परत", "15 तारखेचं विमानाचं तिकीट आहे", "कंपनीचं क्वार्टर 1 तारखेला मिळतंय" ही उत्तरं ऐकली की मला हायसं वाटतं. "बघू, तोपर्यंत काहीतरी होईल" हे उत्तर आलं की मी थांबते. त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो, पण त्याची अनिश्चितता उद्या माझ्या कॅलेंडरवर येऊन बसणार असते.

पुण्यात मोठ्या मुक्कामाच्या मागण्या साधारण चार प्रकारच्या लोकांकडून येतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळ्या तऱ्हेने सरकते. उपचारांसाठी आलेल्यांची तारीख बहुतेक वेळा पुढे जाते, कारण टाके काढणं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची पुढची भेट हे त्यांच्या हातात नसतं. अशांना 45 दिवस हवे असतील तर मी कॅलेंडरवर त्यानंतरचे दहा दिवस मोकळे आहेत ना हे बघते आणि मगच हो म्हणते. नव्या फ्लॅटचा ताबा मिळायची वाट बघणाऱ्यांची तारीख सगळ्यांत कच्ची. बिल्डरने दिलेली तारीख ही तारीख धरूच नका. आयटीत नव्याने रुजू झालेली मुलं महिना मागतात आणि वीस दिवसांत भाड्याचं घर मिळालं की निघतात, म्हणजे तिथे धोका उलटा, लवकर जाण्याचा. परदेशातून आईवडिलांना भेटायला किंवा घरच्या लग्नाला येणाऱ्यांकडे परतीचं तिकीट असतं, त्यामुळे त्यांच्या तारखा पक्क्या. मात्र ते नेमके तुमच्या सगळ्यांत महागड्या दिवसांत येतात.

सोसायटी पुनर्विकासाला गेलेली कुटुंबंही विचारतात. त्यांना दोन-तीन वर्षांसाठी घर हवं असतं आणि ते मिळेपर्यंत तुमच्याकडे थांबायचं असतं. सामान ट्रकभर असतं. अशांना मी प्रेमाने पण स्पष्ट सांगते की हे घर त्यांच्या उपयोगाचं नाही.

कुठे सावध व्हायचं

काही मेसेज वाचतानाच ओळखू येतात. एक जुनी फसवणूक तर जवळजवळ प्रत्येक घरमालकाच्या वाट्याला येते: "मी लष्करात आहे, बदली झालीय, घर न बघता तीन महिन्यांचे पैसे लगेच पाठवतो." सोबत गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो. मग एक क्यूआर कोड येतो आणि "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील" असं सांगितलं जातं. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बुकिंगचे फोन घेणाऱ्या आईवडिलांना, पाठ करून ठेवायला सांगा.

दुसरं, पत्त्याचा पुरावा. "लाइट बिल द्याल का, बँकेत खातं उघडायचंय", "या पत्त्यावर जीएसटी नंबर काढायचाय" असं कुणी म्हणालं तर महिनाभराच्या पाहुण्याला लाइट बिल देऊ नका. राहायला दिलेल्या जागेतून धंदा नोंदवणं ही तर फार पुढची गोष्ट आहे.

तिसरं, बुकिंग एकाच्या नावावर आणि राहणारा दुसराच. मुलाने आईवडिलांसाठी बुकिंग करणं हे आपल्याकडे नेहमीचंच. मग त्यात बिघडलं काय? काही नाही, फक्त प्रत्यक्ष राहणाऱ्यांची नावं, ओळखपत्रं आणि फोन नंबर आधी हातात हवेत. राहणाऱ्यांशी एकदा तरी स्वतः बोला. पाच मिनिटांच्या फोनमध्ये जे कळतं ते वीस मेसेजांत कळत नाही.

कॅलेंडर उघडा

45 दिवस हे नुसते 45 दिवस नसतात. ते कुठले आहेत हे बघा. पुण्यात डिसेंबर हा वर्षाचा मेवा: सवाई गंधर्व महोत्सव, लग्नं, परदेशातून आलेली मंडळी. गणपतीचे दहा दिवस तसेच. उलट जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत माझं घर अर्धं रिकामं असतं. तेव्हा 40 दिवसांची मागणी म्हणजे देवाने पाठवलेलं माणूस. मालवणात होमस्टे चालवणारी माझी मावसबहीण तर पावसाळ्यातल्या लांब मुक्कामांवरच तग धरते. किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, पर्यटक नाहीत, पण लॅपटॉप घेऊन पाऊस बघत काम करणारी माणसं महिना-दीड महिना आनंदाने राहतात.

अजून एक, मागणीच्या दोन्ही टोकांना काय उरतं ते बघा. आधीचं बुकिंग 3 तारखेला संपतंय आणि लांबचा पाहुणा 5 ला येतोय, तर मधल्या दोन रात्री कुणी घेत नाही. "तुम्ही 3 लाच आलात तर त्या दोन रात्री निम्म्या दरात देते" असं विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात.

दराचं गणित, पाटीवर मांडून

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश. लोक एकतर रोजचा दर गुणिले तीस करतात आणि पाहुणा पळतो, किंवा शेजारच्या फ्लॅटचं भाडं बघून तेवढाच आकडा सांगतात आणि नुकसानीत जातात. खरा आकडा तुमच्या स्वतःच्या वहीत असतो.

समजा माझा रात्रीचा दर 2,200 रुपये आहे आणि मंदीच्या महिन्यात 17 रात्री भरतात. जमा 37,400. त्यातून सात वेळा पाहुणे बदलले, प्रत्येक वेळी साफसफाईचे 500, म्हणजे 3,500. चादरी-टॉवेल लाँड्रीला 1,400. वीज 1,800. प्लॅटफॉर्मचं कमिशन साधारण 1,200. हातात उरले 29,500. हा तुमचा तळ. महिन्याचा पाहुणा घेतल्याने यापेक्षा कमी उरणार असेल तर घेण्यात अर्थ नाही.

आता तोच महिना एकाच पाहुण्याला दिला. आठवड्याला एक साफसफाई, 400 प्रमाणे चार वेळा 1,600. चादरी बदलून देण्याचे 400. कमिशन 1,000. वीज मीटरप्रमाणे वेगळी. रोजचा स्वयंपाक, रोजची अंघोळ, रोजचं कपडे धुणं यांनी घर झिजतं, त्याचे मी 1,500 धरते. 29,500 मध्ये हे 4,500 मिळवा: 34,000. तुमचा कमीत कमी दर एवढा. 2,200 गुणिले 30 म्हणजे 66,000 च्या तुलनेत ही जवळजवळ निम्मी सूट आहे आणि तरीही तुम्ही तोट्यात नाही. पाहुण्याला 38,000 सांगा, घासाघीस करायला जागा राहते.

हेच गणित डिसेंबरला लावून बघा. तेव्हा 27 रात्री भरतात, जमा 59,400. तिथे निम्म्या दरात महिना देणं म्हणजे खिशातले पैसे काढून देणं. म्हणूनच अ‍ॅपमध्ये "मासिक सूट" म्हणून एकच टक्का वर्षभरासाठी टाकून विसरून जाऊ नका. नवीन होस्टच्या हातून हे हमखास होतं. सूट कमी ठेवा, आणि मंदीच्या महिन्यात मागणी आली की त्या पाहुण्याला खास दर पाठवा. एअरबीएनबीवर अशी स्पेशल ऑफर पाठवण्याची सोय आहे.

वीज दरात धरायची की वेगळी घ्यायची? महिना किंवा जास्त असेल तर वेगळीच. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर दिवसाला दहा-बारा युनिट सहज जातात, म्हणजे नुसत्या एसीचे महिन्याला तीनशे युनिटच्या वर. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातो, त्यामुळे बिल दुप्पट नाही, तिप्पट होतं. मी मीटरवर पडलेले सगळे युनिट बिलाच्या दराने घेते. ही अट बुकिंगच्या आधी लिहून पाठवते. अ‍ॅपवरून आलेल्या पाहुण्याकडून असा वाढीव खर्चही अ‍ॅपमधूनच मागा.

अ‍ॅपवरून की थेट

एअरबीएनबीवर 28 रात्री किंवा त्याहून मोठं बुकिंग वेगळ्या नियमांखाली जातं. सगळे पैसे एकदम येत नाहीत. पहिल्या महिन्याचे पाहुणा आल्यावर साधारण 24 तासांनी निघतात आणि पुढचे महिन्यामहिन्याने. दुसऱ्या महिन्याचा हप्ता पाहुण्याच्या कार्डातून गेला की नाही याकडे लक्ष ठेवायला लागतं. रद्द करण्याचे नियमही लांब मुक्कामासाठी वेगळे आहेत. मुक्कामाच्या मध्येच पाहुणा निघाला तर साधारणपणे पुढच्या 30 दिवसांचे पैसेही त्यालाच भरावे लागतात. ही गोष्ट वीस दिवसांत घर मिळणाऱ्या आयटीतल्या मुलाला आधीच समजावून सांगा. नाहीतर शेवटी तो तुमच्यावर रागावतो आणि ते रेटिंगमध्ये उतरतं.

"ताई, कमिशन कशाला भरायचं, थेट पैसे देतो" हे तुम्हाला ऐकावं लागणारच. अ‍ॅपवरून ओळख झालेल्या पाहुण्याला अ‍ॅपच्या बाहेर नेणं नियमात बसत नाही, आणि काही बिनसलं तर तुमच्या मागे कुणी उभं राहत नाही. नुकसानीची भरपाई मागायची असेल तर ती पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांत अ‍ॅपमधूनच मागावी लागते. मी साधा नियम ठेवला आहे: अ‍ॅपवरून आलेला अ‍ॅपवरच राहतो. जो ओळखीतून, हॉस्पिटलच्या किंवा जुन्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून थेट आला, त्याच्याशी कागद करून थेट व्यवहार. डिपॉझिट फक्त या दुसऱ्या प्रकारात घेते.

जीएसटीबद्दल एक ओळ पुरे: 15 जुलै 2024 पासून, सलग किमान 90 दिवस राहणाऱ्या माणसाकडून महिन्याला माणशी 20,000 रुपयांपर्यंत घेतलेल्या निवासशुल्काला जीएसटीतून सूट आहे. तुमचा व्यवहार त्यात बसतो का ते सीएला दाखवा.

कागद: महाराष्ट्रात हा टाळू नका

"अकरा महिन्यांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही" हे वाक्य मी इतक्या शहाण्या माणसांकडून ऐकलं आहे की मीही ते खरं मानत होते. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच्या उलट, नोंदवलेला करार हातात असेल तर त्याच कायद्याचं कलम 24 तुमच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात जावं लागत नाही, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी करारात ठरलेल्या राहण्याच्या शुल्काच्या दुप्पट रक्कम मागता येते. माझ्याकडे त्या 19 दिवसांत हा कागद असता तर मला त्याचा उपयोग करावाही लागला नसता. कागदावर सही केलेल्या माणसाच्या डोक्यात शेवटची तारीख पक्की बसते, एवढंच पुरतं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के. 28,000 प्रमाणे तीन महिने, डिपॉझिट 30,000, तर हे शुल्क फार तर तीनशे रुपये होतं. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. वर एजंटची फी. पुण्यात अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, अर्ध्या तासात मालक, राहणारा आणि दोन साक्षीदार यांचे अंगठे घेऊन जातात. त्यासाठी सगळ्यांचं आधार लागतं. आधार नसलेल्यांना, म्हणजे परदेशी नागरिक वगैरेंना, दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जावं लागतं, तेव्हा त्यांच्यासाठी आधीपासून तयारी करा.

मग चार रात्रींच्या पाहुण्याशीही करार करायचा का? नाही. तो पाहुणा आहे, त्याला अ‍ॅपचं बुकिंग किंवा पावती पुरे. मी माझी रेघ महिन्यावर आखली आहे: महिन्याच्या आत पाहुणा, महिना झाला की कागद. अ‍ॅपवरच्या पाहुण्याकडूनही कागद हवा असेल तर ते लिस्टिंगमध्ये आणि पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. बुकिंग झाल्यावर सांगितलं तर तो योग्यच तक्रार करेल.

हे सगळं महाराष्ट्रातलं. गोव्याचे भाड्याचे कायदे वेगळे आहेत आणि तिथे होमस्टेची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, त्यामुळे तिथल्या होस्टने तिथल्याच वकिलाला विचारावं.

पोलिस, सोसायटी, परदेशी पाहुण्याचा फॉर्म

राहणाऱ्याची माहिती पोलिसांना देणं ऑनलाइन होतं, पंधरा मिनिटं लागतात, आल्या दिवशीच करून टाका. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती देणारा फॉर्म III (पूर्वीचा सी फॉर्म) ऑनलाइन भरावा लागतो. मूळ पुण्याची पण आता अमेरिकेचा पासपोर्ट असलेली आपली माणसंही यात येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मराठी बोलतात म्हणून फॉर्म चुकत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, वॉचमनने सांगायच्या आधी. सोसायटी ना-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर दुसऱ्याला दिल्याचं शुल्क, लावेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, हा 1 ऑगस्ट 2001 चा शासन निर्णय आहे. दोन महिने राहणाऱ्याची गाडी कुठे लागणार, कचरा कधी द्यायचा, लिफ्टमधून फर्निचर न्यायचं नाही, एवढं सांगितलं की शेजारी सहसा खूश असतात. रोज नवी बॅग बघण्यापेक्षा ओळखीचा चेहरा त्यांनाही बरा वाटतो.

घर: राहण्यासाठी तयार करणं

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या त्या आजींनी मला पुष्कळ शिकवलं. आल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेले तर स्वयंपाकघरातलं वरच्या फळीवरचं सगळं खालच्या ओट्यावर मांडलेलं. मिठाची बरणी, चहाचा डबा, फोडणीचं पातेलं, सगळं कमरेच्या उंचीवर. "अगं, वर हात पोचतो, पण टाच उचलता येत नाही ना," त्या म्हणाल्या. त्यांनी हॉलमधली कडक खुर्ची बाथरूमच्या दारापाशी ठेवली होती, टेकायला. मी चार रात्रींच्या पाहुण्यांसाठी घर नटवलं होतं, फुलदाणी, कुशनं, दोन कप. त्यांना हवी होती पोळीची परात, लाटणं, मोठा कुकर, कपडे वाळत घालायची दोरी आणि हात धरायला एक दांडा. परात आणि कुकर मी त्याच संध्याकाळी नेऊन दिले. दांडा दुसऱ्या दिवशी सुताराकडून बसवून घेतला, तो आजही आहे.

म्हणून लांबच्या पाहुण्याला आधीच विचारा: रोज स्वयंपाक करणार का? घरून काम करणार का? कुणाला पायऱ्यांचा त्रास आहे का? घरून काम असेल तर वायफायच्या स्पीडचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि गुरुवारी पाणी बंद असू शकतं हेही सांगा. पुण्याबाहेरच्या माणसाला आमचा गुरुवार माहीत नसतो.

किल्ली देताना विजेच्या मीटरचा आणि एमएनजीएलच्या गॅस मीटरचा फोटो पाहुण्यासमोर काढून त्यालाच पाठवा. भिंती, गादी, शेगडी, फ्रिजचं आतलं, वॉशिंग मशीन यांचा सलग एक व्हिडिओ काढा. आठवड्याच्या साफसफाईचा वार बुकिंगच्या आधीच ठरवा. "दर शनिवारी सकाळी दहाला मावशी येतील" हे लिहिलेलं असलं की कुणाला ते घरात डोकावणं वाटत नाही, आणि गळका नळ किंवा भिंतीवरची ओल पंधरा दिवस दडून राहत नाही. एरवी मात्र न विचारता जाऊ नका. घर तुमचं असलं तरी दोन महिन्यांचा संसार त्यांचा आहे.

मुदत वाढवताना आणि नाही म्हणताना

होकाराच्या मेसेजमध्येच मी एक तारीख लिहिते: "मुक्काम वाढवायचा असेल तर 20 तारखेपर्यंत कळवा, त्यानंतर पुढच्या तारखा इतरांसाठी खुल्या होतील." 20 ला मी स्वतःच विचारते. वाढवायचं असेल तर नवा दर, नवी शेवटची तारीख, आणि थेट व्यवहार असेल तर नवा करार. "चार दिवस असंच राहू दे" याला मी एरवी पटकन विरघळते, पण आता आधी कॅलेंडर बघते. पुढे कुणाचं बुकिंग असेल तर त्यांना जवळच्या दुसऱ्या होस्टचा नंबर त्या होस्टला विचारून देते. आसपासच्या चार-पाच होस्टांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून ठेवा, तो यासाठी फार उपयोगी पडतो. ज्यांचं बुकिंग मला रद्द करावं लागलं त्यांच्यासाठी मी तेव्हा हेच करू शकले असते, पण माझ्याकडे एकही नंबर नव्हता.

नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा. एअरबीएनबीवर बुकिंगची मागणी 24 तासांत मावळते आणि घर शोधणाऱ्या माणसाचे ते 24 तास वाया जातात. "तुमची गरज तीन महिन्यांची आहे आणि माझ्याकडे डिसेंबर आधीच दिलेला आहे. 30 नोव्हेंबरपर्यंत चालणार असेल तर आनंदाने देते." एवढं पुरतं. अर्धा मुक्काम देऊ केलेला बरेच जण स्वीकारतात.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घर बघायला जा, निघायच्या सकाळी नाही. सकाळी रिक्षा दारात उभी असते आणि कुणालाच मीटर वाचायला वेळ नसतो. आदल्या दिवशी दोघांनी मिळून रीडिंग घ्या, युनिटचा हिशोब कागदावर मांडा, फुटलेला कप सोडून द्या, जळलेल्या कुकरचे पैसे सांगा, आणि उरलेलं डिपॉझिट त्यांच्यासमोरच यूपीआयने परत करा. मग पुढचे दोन दिवस कॅलेंडरवर बंद ठेवा. गादी उन्हात घालायची असते, मसाल्याचे डबे रिकामे करायचे असतात, स्वयंपाकघरातली चिमणी तेलकट झालेली असते. आजी गेल्या तेव्हा फ्रिजमध्ये त्यांनी माझ्यासाठी ताज्या लिंबाच्या लोणच्याची एक बाटली ठेवली होती, वर चिठ्ठी: "आठ दिवस मुरू दे, मग उघड."